ओल्या वाळूतल्या काड्या

१० फेब्रुवारी, रविवार

आमाया, उशीर झाला, माफ कर. ही वही तू मला सप्टेंबरात दिलीस, द्राक्षांची तोडणी सुरू व्हायच्या आदल्या दिवशी. म्हणालीस, "बासिलिओकाका, वरच्या मळ्याबद्दल आठवेल ते लिहा. रोज थोडं थोडं." पाच महिने वही पावाच्या डब्याशेजारी पडून आहे. आधी तोडणी होती, मग माझा गुडघा दुखायला लागला, मग नाताळ आला. खरं कारण वेगळं आहे. मला लिहायची धास्ती वाटते. अकराव्या वर्षी शाळा सुटली, त्यानंतर पिंपांवर खडूने आकडे घालण्यापलीकडे हात वळला नाही.

तर वरचा मळा. चारी बाजूंनी दगडी बांध आहे म्हणून गावात त्याला ला सेर्रादा म्हणतात. तुझ्या पणजोबांनी तो १९२१ साली लावला. झाडं बुटकी, तारेच्या आधाराशिवाय उभी, गुडघ्याएवढी. मधे सगळा तेंप्रानिल्यो, आपलं नेहमीचं काळं द्राक्ष. उत्तरेच्या बांधालगत ग्रासियानो. ग्रासियानो उशिरा फुटतो, उशिरा पिकतो, रसही बेताचाच देतो, पण त्याच्याशिवाय आपली वाइन वीस वर्षं उभी राहिली नसती. तो वाइनला ताठ ठेवतो आणि वास देतो. तो वास

इथे थांबलो. गॅस बंद आहे ना ते दोनदा बघून आलो.

१७ फेब्रुवारी, रविवार

ही वही आमायाला देता यायची नाही. काल दुकानातून दुसरी आणली, तशाच निळ्या पुठ्ठ्याची. तिच्यात पणजोबा, १९२१, मोठी गारपीट, सगळं लिहीन. ही माझ्याकडे राहील.

गेल्या रविवारी लिहिता आलं नाही ते असं. उत्तरेच्या बांधालगतची तीनशे चाळीस ग्रासियानोची झाडं पणजोबांनी लावलेली नाहीत. ती मी कलम केली, १९७४ च्या मार्चमध्ये. काड्या माझ्या थोरल्या भावाच्या, सेवेरिनोच्या मळ्यातल्या. त्या मी चोरल्या.

लिहिलं. काही झालं नाही. शेजारच्या बाईचा रेडिओ चालूच आहे.

१८ फेब्रुवारी

लिहिलंच आहे तर सगळं लिहितो.

आमचे वडील १९७३ च्या ऑक्टोबरात वारले. नदीकाठचं सपाट रान मला दिलं, बटाट्याचं. उतारावरचा मळा सेवेरिनोला दिला. तो ला सेर्रादाच्या समोरच, मधे फक्त रस्ता. वडिलांनी त्याचा हात धरून शब्द घेतला, मळा उपटायचा नाही. मी खोलीतच उभा होतो. माझ्याकडून कसलाच शब्द घेतला नाही. बटाट्याच्या रानाला शब्द कशाला लागतो?

तेव्हा मी छत्तीस वर्षांचा होतो आणि आमायाच्या आजोबांच्या वाइनच्या तळघरात मुख्य माणूस होतो. माझी जीभ अख्ख्या गावाला माहीत होती. जानेवारीत सेवेरिनोने मला आपल्या तळघरात नेलं. एकच पिंप होतं, निव्वळ ग्रासियानोचं. त्याने नळीने पेला भरला आणि म्हणाला, "बारक्या, खरं सांग. मी लोकांना विचारत नाही, तुला विचारतोय."

मी घोट घेतला. तशी वाइन मी त्याआधी चाखली नव्हती. अंगाने बारीक, पण तोंडातून जायचं नाव नाही. पाऊस पडून गेल्यावर दगडाला वास येतो ना, तसा काहीतरी वास, आणि मागे काळी मिरी. मला वडिलांचा हात आठवला, सेवेरिनोच्या हातावर ठेवलेला.

मी म्हणालो, "आंबट आहे. शाई आहे नुसती. हा ग्रासियानो आपल्याकडे कधी पिकायचा नाही सेवे, उपटून टाक."

त्याने पेला माझ्या हातातून घेऊन पिंपावर ठेवला. मग म्हणाला, "तू म्हणतोस तर तसंच."

फेब्रुवारीत त्याने मळा उपटला. रान बार्ली लावणाऱ्या माणसाला विकलं आणि बायको-पोरीला घेऊन वितोरियाला कारखान्यात कामाला गेला. वडिलांना दिलेला शब्द त्याने माझ्या जिभेवर विश्वास ठेवून मोडला.

२० फेब्रुवारी

झोप नीट लागत नाही. रक्तदाबाची गोळी आज दोनदा घेतली की एकदाच, आठवत नाही.

राहिलेलं लिहितो. उपटण्याआधी एका रविवारी, सगळं गाव चर्चमध्ये असताना, मी त्याच्या मळ्यातल्या झोपडीत गेलो. छाटणी झालेली होती. काड्या बाहेर ढिगात पडल्या असतील, त्यातल्या चार उचलू, असा विचार होता. पण झोपडीच्या कोपऱ्यात ओल्या वाळूत पुरून ठेवलेल्या, वर ओलं पोतं टाकलेलं, अशा काड्यांच्या जुड्या सापडल्या. सगळ्या सारख्या लांबीच्या, तीन तीन डोळ्यांच्या, विलो झाडाच्या सालीने बांधलेल्या. मी जुड्या उचलल्या आणि घरी येऊन मोजल्या. तीनशे चाळीस. ला सेर्रादाच्या बांधालगत जुनी झाडं मेली होती, तिथे मी दोन वर्षांपूर्वी कलमासाठी मुळांचे खुंट लावले होते, तेही तीनशे चाळीस. मालकांनी सांगितलं होतं, मळ्यातल्याच काड्या घालून कलम कर. मी सेवेरिनोच्या घातल्या.

नशीब म्हणायचं की काय, कळत नाही. त्याने त्या कशाला तशा ठेवल्या होत्या देव जाणे. बहुतेक कोणाला तरी विकायच्या असतील. म्हणजे मी तेही त्याच्या तोंडचं काढून घेतलं.

मार्चमध्ये, गाव सोडण्याआधी, त्याने उपटलेल्या खोडांच्या निखाऱ्यावर कोकराच्या फासळ्या भाजल्या आणि मला बोलावलं. पहिली फासळी माझ्या ताटात वाढली. मी पाच खाल्ल्या. खिशात कलम बांधायचा सुतळीचा गुंडा होता.

१२ मार्च, मंगळवार

आज तळघरात वाइन एका पिंपातून दुसऱ्यात काढली. ला सेर्रादाची २०१४ ची. आमायाने त्या वर्षी पहिल्यांदा हा एकच मळा वेगळा ठेवला, त्याआधी तो सगळ्यात मिसळायचा. बाकीच्या कंपन्यांत आता पंप लावतात, इथे अजून उतारावर पिंपं लावून आपोआप वाहू देतात. माझं काम मेणबत्तीचं. पडणाऱ्या धारेमागे ज्योत धरायची. धार लाल काचेसारखी असते तोवर चालू द्यायचं. ज्योत धुरकट दिसली की गाळ आला, लगेच "बस" म्हणायचं. एक्याऐंशी वर्षांचा झालो तरी आमाया या कामाला मलाच बोलावते.

आज मी "बस" उशिरा म्हटलं. ज्योतीकडे बघत होतो आणि दुसरंच काही बघत होतो. ओंजळभर गाळ नव्या पिंपात गेला. आमायाने त्या पिंपावर खडूने खूण केली.

मग तिने पेला भरून मला दिला. मी चाखली. १९७४ च्या जानेवारीतला तो वास थेट समोर येऊन उभा राहिला, फक्त आता त्याच्या अंगावर रेशीम होतं. तिने विचारलं, "काका, बाकी कुठल्याच मळ्यात हे नाही. कशाने येतं?"

मी म्हणालो, माती.

सिरिलो पिंप ठोकत होता. साठ वर्षं पिंपं बांधतोय आणि साठ वर्षं मला छळतोय. म्हणाला, "याला काहीही विचार, माती. बायकोने सूप खारट केलं तरी हा म्हणायचा, माती चांगली आहे."

सगळे हसले. मीही हसलो.

१३ मार्च

काल लिहायचं राहिलं. आमायाने बाटलीवर लावायच्या कागदाचा मजकूर वाचून दाखवला. 'सर्व झाडं १९२१ सालची.' मला म्हणाली, "बांधाकडची खोडं बारीक कशी हो?" मी म्हणालो, तिथे खाली खडक आहे, झाड वाढत नाही. किती सहज सुचतं मला खोटं. मोठ्या शाळेत गेलो असतो तर काय झालो असतो कोण जाणे.

५ जून

आज वाइन निवळायला घातली. पिंपाला चार अंड्यांचा पांढरा बलक, चिमूटभर मीठ, विलोच्या फोकांच्या झाडूने घुसळून. पांढरं जातं वाइनला, पिवळं गावातल्या नन्सच्या मठाला, ही जुनी रीत. त्या त्याची गोड वडी करतात आणि एक डबा मला देतात. मी ठरवलं आहे, या वेळी तो डबा घेऊन वितोरियाला जाईन. सेवेरिनोला सगळं सांगेन. आमायाने छोटी बाटली भरून द्यायचं कबूल केलं आहे.

१९ जून

गेलो नाही. गुडघा.

३० जून

गेलो नाही. गुडघा बरा आहे.

१४ जुलै, रविवार

गेलो. बसमध्ये डबा मांडीवर आणि बाटली कोटात. दर पाच मिनिटांनी बूच चाचपत होतो.

सेवेरिनो आता शहाऐंशीचा आहे. मुलीकडे, नीएवेसकडे राहतो. नाकाला प्राणवायूची नळी. पाय बारीक झाले आहेत, पण हात तसेच आहेत, छाटणी करणाऱ्याचे. मला बघून म्हणाला, "आलास बारक्या? ये. किती म्हातारा झालास. मी बघ कसा राहिलोय." नीएवेस ओरडली की बोलून दम लावून घेऊ नका. तो तिला म्हणाला, "दोन पेले आण आणि पोलिसासारखी दारात उभी राहू नकोस."

मी बाटली उघडली. त्याने पेला उजेडात धरला, फिरवला आणि बराच वेळ नुसता वास घेतला. नळी बाजूला करून. मग घोट घेतला. डोळे मिटले.

"बरी पिकलीत," म्हणाला.

मी विचारलं, कोण? त्याने पेला खाली ठेवला. म्हणाला, "उत्तरेचा वारा बांध अडवतो. बरं केलंस तिथे."

बांधाचं मी काहीच बोललो नव्हतो. घाबरलो. त्याचं डोकं आता ठिकाणावर राहत नसावं. कुठल्या बांधाचं बोलत होता कोण जाणे. ज्या माणसाचं मन भरकटतंय त्याला कबुली द्यायची म्हणजे भिंतीला देण्यासारखं. तरी नीएवेस स्वयंपाकघरात गेल्यावर मी म्हटलं, "सेवे, मला तुला एक सांगायचंय. फार वर्षांचं आहे."

तो वडी खात होता. म्हणाला, "पुढच्या वेळी सांग. म्हणजे परत येशील."

आणि मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहायची लाज वाटते, पण वाटलं. बसने परत आलो. सगळ्या वाटेवर बार्ली कापलेली होती.

२ ऑगस्ट

आमायाने बाटल्या भरल्या. अजून कागद लावलेला नाही. आडव्या रचून ठेवल्यात, मुक्या.

६ ऑक्टोबर, रविवार

तोडणी झाली. बांधाकडची झाडं नेहमीसारखी सगळ्यांत शेवटी तोडली. आमाया तिथेच टोपलीवर बसून पाव खात होती. मी तिच्यासमोर उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. जानेवारी, आंबट, शाई, झोपडी, वाळू, सगळं. एकदा सुरू झाल्यावर थांबताच येईना. तिने खाणं थांबवलं.

वाटलं होतं ती ओरडेल. तिच्या मजकुराचं वाटोळं केलं मी. ती उठली, एका झाडाच्या खोडाला हात लावला आणि म्हणाली, "म्हणून खोडं बारीक."

मग म्हणाली, "काका, हे तुम्ही मला सांगून काय उपयोग? त्यांना सांगा. बाटलीवर मी खरं लिहीन, पण त्यांचं नाव त्यांना विचारल्याशिवाय घालणार नाही. वीस नोव्हेंबरला छापायला द्यायचंय."

जाताना वळून म्हणाली, "ती दुसरी वही मात्र छान लिहिली होती तुम्ही. गारपीट तर फारच."

२२ ऑक्टोबर

वितोरियाला फोन केला. नीएवेसने उचलला. सेवेरिनो झोपला होता. मी नुसती चौकशी केली, तब्येत, जेवण. ती बोलत बसली. म्हणाली, "काका, तुम्हाला माहीतच नाही. बाबा दर ऑक्टोबरला बसने तुमच्या गावी यायचे. नळी लागेपर्यंत, दर वर्षी. वरच्या रस्त्यावर उभे राहायचे आणि संध्याकाळच्या बसने परत."

माझ्याकडे आला नाही कधी. मी म्हटलं, आपलं गेलेलं रान बघायला येत असेल बिचारा.

ती म्हणाली, "नाही हो, एकदा मी बरोबर होते. रानाकडे पाठ करून उभे होते. समोरच्या मळ्याकडे बघत."

म्हणजे आपल्या रानाकडे बघवतही नव्हतं त्याला. समोर ला सेर्रादा, ऑक्टोबरात सगळा तांबडा होतो, फक्त बांधाकडचा पट्टा हिरवा राहतो. माझ्यामुळे पंचेचाळीस वर्षं माणूस स्वतःच्या रानाकडे पाठ करून उभा राहिला.

अजून एक म्हणाली ती. कारखान्याचं पत्र नोव्हेंबरात आलं होतं म्हणे, आजोबा गेले त्यापाठोपाठ लगेच. तिला आठवतं, कारण तिच्या आईने ते पिठाच्या डब्यात लपवलं होतं. आईला दमा होता, डॉक्टरांनी गाव सोडायला सांगितलं होतं. बाबा वडिलांच्या शब्दात अडकून दोन महिने गप्प होते.

पोर तेव्हा दहा वर्षांची, वर्ष चुकत असेल. नोव्हेंबरात पत्र आलं असतं तर जानेवारीत मला वाइन कशाला चाखायला लावली असती?

३ नोव्हेंबर, रविवार

नीएवेसचा फोन. सेवेरिनोला इस्पितळात ठेवलंय. फुप्फुसात पाणी. शुद्धीवर आहे, बोलतो थोडं. नर्सला म्हणाला, माझ्या भावाने आणलेली बाटली अर्धी उरली आहे, ती बिघडायच्या आत आणा. जुलैतली बाटली. कधीच बिघडली असेल. मला रडू आलं, म्हणून फोन ठेवला.

गुडघा पुन्हा सुजलाय, बसने तिथवर जाणं माझ्याने आता होणार नाही असं डॉक्टर म्हणतात, निदान या आठवड्यात. फोनवर मला बोलता येत नाही. सिरिलो आला होता, त्याने न विचारता पत्ते पिसले आणि खेळताना मुद्दाम हरला. म्हणाला, "लिही त्याला. तुझं तोंड कायम खोटं बोलतं, हात बरा आहे."

त्याला किती माहीत आहे कोण जाणे.

५ नोव्हेंबर, मंगळवार

पत्र आज टाकलं. नक्कल इथे ठेवतो, काही चुकलं असेल तर नंतर कळेल.

'प्रिय सेवे,

पत्राला उशीर झाला. पंचेचाळीस वर्षं उशीर झाला. नीएवेस वाचून दाखवेल, तिला सांग की सगळ्यांना खोलीबाहेर काढ. तिने ऐकलं तर चालेल.

तुझी वाइन आंबट नव्हती. शाई नव्हती. त्या दिवसापर्यंत मी चाखलेली ती सगळ्यांत चांगली वाइन होती. मी खोटं बोललो, कारण वडिलांनी हात तुझा धरला होता. माझ्यामुळे तू त्यांना दिलेला शब्द मोडलास.

तुझ्या काड्या मी चोरल्या. झोपडीतून, रविवारी, तू चर्चमध्ये होतास तेव्हा. त्यातल्या दहा सोडून सगळ्या जगल्या. त्या दहांच्या जागी पुढच्या वर्षी त्यांच्याच काड्या घातल्या. आज तीनशे चाळीस झाडं उभी आहेत. जुलैमध्ये तू प्यायलास ती त्यांची. आमायाला त्या बाटलीवर तुझं नाव घालायचं आहे, 'सेवेरिनोचा ग्रासियानो' असं. तू हो म्हटल्याशिवाय घालणार नाही म्हणते. घालू नको म्हणालास तरी मला समजेल. माझ्याशी पुन्हा बोलला नाहीस तरी समजेल.

एक गोष्ट मात्र मला अजून कळलेली नाही. रोज सकाळी उठल्यावर तीच मनात येते. चुलीत घालायच्या काड्या कोणी ओल्या वाळूत पुरून ठेवत नाही. कोणी त्यांना तीन तीन डोळे राखून कापत नाही. माझ्याकडे खुंट तीनशे चाळीस होते हे गावाला माहीत होतं, तुलाही माहीत होतं. त्या कोणासाठी ठेवल्या होत्यास, सेवे? तो माणूस आला तेव्हा त्याला काय सांगितलंस?

तू म्हणाला होतास, पुढच्या वेळी सांग म्हणजे परत येशील. गुडघा सुधारला की येतो. पण माझी वाट बघू नकोस, आधी कळव. दम लागत असेल तर एक शब्द नीएवेसला सांग, ती लिहील. हो किंवा नाही. काहीही असो, लवकर कळव.

तुझा
बारक्या'